खळ्यावरचे देणे

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. वऱ्हाडातील इतर अनेक गावांसारखेच हेही पावसाच्या भरवशावर शेती करणारे गाव. आज या भागात सोयाबीन आणि तूर फार दिसते. आमच्या आजोबांच्या पिढीला या मुलखाची ओळख होती ती ज्वारीची आणि कापसाची. सुगी आली म्हणजे कणसे खळ्यात पडत, मळणी होई, वारा पाहून उपणणी होई आणि धान्याची रास उभी राही. पण रास घरी जाण्यापूर्वी वाटे चुकते करावे लागत. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार, मांग असे गावाचे बलुतेदार वर्षभराच्या कामाचा मोबदला घेण्यासाठी खळ्याच्या कडेला उभे असत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात ही सारी व्यवस्था बारकाईने नोंदवून ठेवली आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळीत कृतज्ञतेने देण्याची सवय कशी रुजली, हा आजचा आमचा विषय. त्याची सुरुवात आम्ही देवळाच्या दारापासून न करता खळ्यापासून केली, याला कारण आहे. नगर, जालना, वऱ्हाड या भागांतील खेड्यापाड्यांत जे ख्रिस्ती झाले, त्यांतील पुष्कळसे महार आणि मांग समाजांतून आलेले होते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खळ्याच्या कडेला उभे राहून जे घेत आले, त्यांचेच हे वंशज. बलुते हा त्यांचा हक्क होता, परंतु ते घेण्याची रीत हक्काची नव्हती. काम आधी करावयाचे आणि मोबदला मात्र पदर पसरून, मालकाची मर्जी सांभाळून उचलावयाचा. अशा माणसाला रविवारच्या उपासनेत कोणी सांगितले की, 'बाबा, तूही देणारा आहेस', तर ते त्याला कसे वाटले असेल? या प्रश्नातच पुढच्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास भरला आहे.

अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. अहमदनगरास त्यांचे ठाणे १८३१ साली झाले आणि दोन वर्षांनी तेथे मंडळी स्थापन झाली. आरंभीच्या काळात शाळा मिशनची, मास्तर मिशनचा, देऊळ मिशनचे आणि पाळकही मिशनचाच. खर्च सारा समुद्रापलीकडून येई. गावाशी जडलेले जुने नाते सैल झालेल्या गरीब कुटुंबाला या आधाराची गरज होती, हे कोणी नाकारू नये. परंतु त्यात एक धोका होता. मालक बदलला, खळे बदलले, उभे राहण्याची जागा मात्र तीच राहिली, असे होण्याचा तो धोका होय.

हा धोका खुद्द मिशनच्या चालकांनाही दिसला होता. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसार आपण करावा, असे त्यांचे मत होते. त्याच सुमारास, १८५४ च्या डिसेंबरात, नगर येथे हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपला झाला, तेव्हा त्याच्या चुलीचा प्रश्नही आपला झाला. दानाचा विषय धर्मोपदेशातून घरखर्चाच्या वहीत उतरला तो येथे.

तथापि ही वाट सरळ नव्हती. १८७६-७८ चा दुष्काळ आला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. वऱ्हाडानेही या शेवटच्या दुष्काळाची झळ सोसली. मिशनांनी अन्न दिले, कामे काढली, अनाथ पोरे पदरात घेतली. जीव वाचले, यापरते काय हवे? पण ज्या मंडळ्या नुकत्या कोठे आपल्या पायांवर उभ्या राहू पाहत होत्या, त्या पुन्हा घेणाऱ्यांच्या रांगेत गेल्या.

येथे आपल्या भाषेतील दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक मिंधेपणा आणि दुसरा कृतज्ञता. दोन्हींचा उगम घेण्यातच आहे. मिंधा मनुष्य ज्याने दिले त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो; त्याची मान खाली आणि हात पुढे असतो. कृतज्ञ मनुष्य मिळालेले आठवतो आणि आपल्याहून गरजू कोण आहे हे शोधू लागतो. मराठी मंडळीला दानाचे शिक्षण देणे म्हणजे पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे होते.

यासाठी लागणारा आधार तिच्या शास्त्रातच होता. अनुवादाच्या पुस्तकात प्रथमउपज अर्पण करण्याचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवावयाची आणि तोंडाने आपल्या कुळाची हकीकत सांगावयाची: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसर देशात गुलाम झालो, देवाने आम्हांला सोडविले, म्हणून ही टोपली. त्यानंतर त्या आनंदात लेव्यांनी आणि गावातील उपऱ्यानेही भागीदार व्हावयाचे. हे अर्पण धनिकाचे नसून सुटलेल्या गुलामाचे आहे, ही गोष्ट महारवाड्यातील श्रोत्याला वेगळी समजावून सांगावी लागली नसेल. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा त्यानेही करिंथच्या सुखवस्तू मंडळीपुढे उदाहरण ठेवले ते मासेदोनियातील दरिद्री मंडळ्यांचे. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तर आपल्या खेड्यांतील निरक्षर म्हातारीलाही पाठ असते.

आता दोन माणसांकडे पाहू. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, ते अमेरिकेत १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या आधारावर. दहा वर्षे मदत देण्याचे वचन त्या संस्थेने दिले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी केडगावचे मुक्तिसदन भरले. रमाबाईंनी या मुलींना नुसते अन्न देऊन ठेवले नाही. विणकाम, शेती, दुभती जनावरे, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती दिली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या छापखान्यातच छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींच्या मुक्तिसदनाने साऱ्या महाराष्ट्राच्या हाती एक ग्रंथ ठेवला. घेतलेल्याची याहून चांगली परतफेड कोणती असू शकेल?

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना लक्ष्मीबाईंनी हसत-रडत सांगितलेच आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. मिशनशी त्यांचे भांडण नव्हते. पगारी उपदेशकाचे बोलणे लोक पगाराच्या तागडीत तोलतात, हे मात्र येथील संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला कळत होते. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे देहावसान झाले. दरबार फार टिकला नाही; पण मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या माणसांच्या आधारावर जगता येईल काय, हा प्रश्न त्यांनी विचारून ठेवला.

मोठ्या माणसांची गोष्ट झाली. सामान्य मंडळीचे काय? तिला देण्याची गोडी लावली ती कापणीच्या सणाने. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन कॅथलिकांत 'आगेरा' हा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो आणि भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात येतात. देशावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पिकाच्या हंगामाप्रमाणे उपकारस्तुतीचा दिवस ठरतो. त्या दिवशी ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबड्या, शिवलेली गोधडी, जे घरात असेल ते वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आम्ही असे लिलाव पाहिले आहेत. एखाद्या विधवेने आणलेला भोपळा मास्तर बाजारभावाच्या तिप्पट किमतीला घेतात आणि लगेच पुन्हा लिलावात ठेवतात. तो मग तलाठी घेतो. अशा रीतीने एक भोपळा तीनदा विकला जातो आणि सगळी मंडळी हसते. रोकड जवळ नसलेल्या माणसाला या एका दिवशी आपल्या कष्टाची किंमत सर्वांसमोर वाढताना दिसते. जे खळ्यावर ओंजळभर उचलून निमूट जात, त्यांच्या नातवंडांचे धान्य येथे मानाने मांडले जाते. आमच्या मते सणाचे खरे मोल हे आहे. जमलेली रक्कम त्यामानाने लहान गोष्ट होय.

केनवडच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण जे वाशीम, तेथेही हाच धडा दिसतो. १९०५ पर्यंत बासीम या नावाने जिल्ह्याचे ठाणे असलेले हे गाव पुढे अकोला जिल्ह्यात गेले आणि १९९८ साली पुन्हा जिल्हा झाले. येथे आधी मेथॉडिस्ट आणि नंतर नाझरेन मिशनने काम केले. नाझरेन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि १९३८ साली येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. नाझरेन मंडळी उत्पन्नाचा दशमांश मंडळीतच आणून देण्याचा आग्रह धरते. शिवाय १९४९ पासून तिच्यात आणखी एक प्रथा आहे. येशूच्या चरणी सुगंधी तेलाची अलाबास्त्र कुपी फोडणाऱ्या स्त्रीची आठवण म्हणून घरोघर एक लहान पेटी ठेवतात, तिच्यात वेळोवेळी उपकाराची नाणी टाकतात आणि वर्षातून दोनदा ती मंडळीत आणतात. परदेशांतील देवळे, शाळा, दवाखाने यांच्या जागा आणि इमारती या पैशांतून होतात. प्रथा जन्मली अमेरिकेत, पण पेटी जगभरच्या मंडळ्यांत गेली. ज्यांच्यासाठी पैसा जमे, त्यांनीच दुसऱ्यांसाठी जमवावा, असा हा उलटा प्रवाह आहे.

या प्रवाहाची निकड राज्यकारभाराच्या बाजूनेही जाणवली. १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ साली आलेल्या तिच्या अहवालाने परदेशी मिशनांवर आणि त्यांच्या पैशावर बोट ठेवले. अहवालातील निष्कर्षांविषयी ख्रिस्ती समाजाची तक्रार होती आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु परक्या पैशावर उभे असलेले घर परक्या वाऱ्याने हलते, एवढा बोध त्यातून मंडळीने घ्यावयास हरकत नव्हती. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. महार वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. गावच्या तुकड्यावर जगणे सोडा, हे त्यांचे सांगणे. वाटा भिन्न झाल्या, पण एकाच वाड्यातील दोन भावंडांनी एकच गोष्ट ओळखली: जो केवळ घेत राहतो, त्याला मान मिळत नाही.

तेव्हा आजच्या पाळकाने आणि पंचांनी मंडळीला देण्यास कसे प्रवृत्त करावे? इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली, मागण्यापूर्वी आठवण द्यावी. टोपली ठेवणाऱ्याने आधी आपली हकीकत सांगितली, हा क्रम उलटा करू नये. आधी वर्गणीचा आकडा आणि मग उपकाराचे बोल, असे झाले की त्या उपकारस्तुतीचा कर होतो. दुसरी, गरिबाचे देणे गरिबाला परवडेल त्या रूपाने घ्यावे आणि श्रीमंताच्या नोटेइतक्याच आदराने घ्यावे. दात्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या की दोन टोल्यांना जागा उरत नाही. तिसरी, पैशाचा हिशेब उघड वाचावा आणि त्यातील काही भाग मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी आधीच वेगळा काढावा. जी मंडळी जमलेले सारे स्वतःच्या भिंतींवरच खर्च करते, तिला द्यावयास शिकवणे अवघड जाते.

केनवडच्या परिसरात आता यंत्राने मळणी होते आणि रास तडक बाजारात जाते. खळ्याच्या कडेला उभे राहणारे बलुतेदार आता दिसत नाहीत, आणि ते दिसत नाहीत हे चांगलेच झाले. मात्र पोत्याचे तोंड शिवण्यापूर्वी एक ओंजळ बाजूला काढण्याची रीत त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये. ज्यांच्या आजोबांनी ती ओंजळ खाली मान घालून घेतली, त्यांनी आज ती ताठ मानेने भरावी, एवढेच आमचे या व्याख्यानाच्या शेवटी मागणे आहे.