भाऊसाहेबांचा तोतया आणि पार्वतीबाई

ज्याचें प्रेत निःसंशय ओळखलें गेलें नाहीं, तो पुरुष मेला असें त्याच्या पत्नीनें केव्हां मानावें? १४ जानेवारी १७६१ नंतर हा प्रश्न पेशव्यांच्या घरांत शिरला, तो पुढें पंधरा वर्षें तेथून हलला नाहीं.

पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर सदाशिवरावभाऊ गर्दींत घुसले व दिसेनासे झाले. रणभूमीवर एक शिरावेगळें धड सांपडलें. अंगावरील खुणांवरून तें भाऊंचें ठरवून त्यास अग्नि देण्यांत आला. काशीराजानें हें लिहून ठेविलें आहे. परंतु पुण्यास ‘भाऊ निसटले’ ही वदंताहि पोंचलीच. आणि आशा ही पुराव्यापेक्षां नेहमींच चपळ असते.

पेणच्या कोल्हटकरांच्या घराण्यांतील पार्वतीबाई स्वतः त्या छावणींत होत्या. त्या जिवंत परतल्या; पति परतला नाहीं. त्यांनीं कुंकू पुसलें नाहीं. बेपत्ता पुरुषाची बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी व उत्तरक्रिया उरकावी, अशी रूढि होती. ती मुदतहि उलटली. १७७४ सालीं गर्भवती गंगाबाईंना पुरंदरावर नेलें, तेव्हां सोबतीस याच बाई होत्या. दरबारानें त्यांच्या श्रद्धेस हात लावला नाहीं. यांत आदर होता खरा. पण भाऊंची पत्नी जोंवर सुवासिनी, तोंवर भाऊ जिवंत असल्याची साक्ष खुद्द शनिवारवाड्यांतूनच मिळत होती!

या साक्षीचा लाभ सुखनिधान नांवाच्या एका कनोजी ब्राह्मणास मिळाला. चेहरेपट्टी भाऊंसारखी, एवढेंच त्याचें भांडवल. थोरल्या माधवरावांच्या अमदानींतच त्याची चौकशी होऊन तो कैदेंत पडला. तथापि त्याचा जीव घेतला गेला नाहीं. १७७६ सालीं रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बंधमुक्त केलें. कारभारी राघोबादादांच्या भानगडींत गुंतलेले. तेव्हां कोंकणांत गांवेंच्या गांवें ‘भाऊसाहेबां’भोंवतीं जमलीं. पंधरा वर्षांनीं मूळ मुखवटा नेमका आठवणारे असे कितीसे उरले होते? शिवाय त्या एका माणसाच्या परतण्यांत पानिपताचीच परतफेड लोकांस दिसत असली पाहिजे.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं बंड मोडलें. मुंबईकडे निसटूं पाहणारा तोतया राघोजी आंग्र्यांच्या हातीं लागला व त्याच वर्षीं पुण्यांत त्यास देहांताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनीं यावर ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें.

सुखनिधानाच्या मरणानें पार्वतीबाईंच्या दृष्टीनें कांहींच सिद्ध झालें नाहीं. मेला तो दुसराच कोणी होता. त्या सुवासिनीच राहिल्या. आणि पुढें त्या वारल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर भाऊसाहेबांचीहि उत्तरक्रिया करण्यांत आली.