पंखाच्या जागी पायाची बोटे

नव्या रायपुरास बदली होऊन आलेल्या माणसाला आरंभी एक गोष्ट चमत्कारिक वाटते. येथे रस्ते आधी झाले आणि वस्ती मागाहून आली. सेक्टरांचे आकडे प्रथम कागदावर पडले, मग त्या आकड्यांत माणसे राहू लागली. काही कोसांवरचे जुने रायपूर मात्र बूढातालाबाच्या आसपास गल्लीला गल्ली फुटत, गरजेप्रमाणे वाढत गेले. गर्भाचे हातपाय ह्यांपैकी कोणत्या रीतीने होतात, नकाशा आधी असतो की वाढता वाढता आकार येतो, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे; आणि त्याचा निवाडा झाला तो कोंबडीच्या अंड्यात.

आपल्याकडे ह्या वादाची नोंद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. गर्भाचे कोणते अंग प्रथम होते? शौनकाच्या मते मस्तक, कृतवीर्याच्या मते हृदय, पाराशर्याच्या मते नाभी. मार्कण्डेय म्हणतो, हातपाय. कारण सर्व चेष्टांचे मूळ तेच. शेवटी धन्वंतरीचा निर्णय येतो की, सर्व अंगे एकदमच होतात, केवळ सूक्ष्मतेमुळे ती दिसत नाहीत. बांबूच्या कोंबात पेरे किंवा कोवळ्या आंब्यात कोय वेगळी दिसत नाही, तसेच हे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने उबवणीतील अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून पाहिली आणि रक्ताच्या ठिपक्याएवढे धडधडणारे हृदय पाहून ठेवले. सतराव्या शतकात हार्वेने अवयव क्रमाक्रमाने घडतात असे म्हटले. पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी मात्र बीजात आधीच पूर्ण देह घडी घालून ठेवलेला असतो, असे मानले. १७५९ मध्ये वोल्फने कोंबडीच्या गर्भाचा पुरावा देऊन ह्या मताला विरोध केला. परंतु 'क्रमाने घडते' एवढे म्हटल्याने 'कसे घडते' हे कळत नाही.

अंडे एकवीस दिवस उबते. तिसऱ्या दिवशी गर्भाच्या कुशीला दोन्ही अंगांस बारीक उंचवटे येतात. पुढचे पंखांचे, मागचे पायांचे. आत हाड नाही, सांधा नाही. सर्वत्र सारख्याच दिसणाऱ्या मऊ पेशी आणि वर पातळ त्वचेचे आवरण. त्या आवरणाच्या टोकाशी मात्र एक जाडसर कड असते. प्रथम खांद्याजवळचा भाग आकार घेतो, मग मधला, अखेरीस बोटे. आधी कूर्चा, नंतर हाड.

ह्या कडेचे काम काय, हे जॉन सॉन्डर्स ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखविले. कवचाला लहानशी खिडकी पाडून त्याने जिवंत गर्भाच्या पंखावरील ती कड काढून टाकली. लवकर काढली तेव्हा खांद्याचे हाड तेवढे झाले आणि वाढ तेथेच थांबली. उशिरा काढली तेव्हा पुढील भागही झाला, पण बोटे आली नाहीत. कड आहे तोवर वाढ आहे, असा त्याचा अर्थ.

१९५७ मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांसह अधिक धीट प्रयोग केला. पायाच्या उंचवट्यातील जो भाग पुढे मांडी व्हायचा, तो उचलून पंखाच्या टोकाशी, त्या कडेखाली बसविला. त्या पेशींनी काय व्हावे? मूळच्या नेमणुकीप्रमाणे मांडी, की नव्या शेजाराप्रमाणे पंखाचे टोक? दोन्ही तर्क चुकले. तेथे पायाची बोटे आली, नखांसह. 'आपण पायाचे आहोत' हे त्या पेशी विसरल्या नाहीत. परंतु 'आपण आता टोकाला आहोत' हेही त्यांनी ओळखले.

१९६८ मध्ये सॉन्डर्स आणि गॅसलिंग ह्यांनी पंखाच्या मागल्या कडेचा एक तुकडा पुढल्या कडेला लावला, तर तीन बोटांऐवजी सहा आली, आरशातील प्रतिबिंबासारखी. पुढच्याच वर्षी लुईस वोल्पर्टने सिद्धांत मांडला की, प्रत्येक पेशीला आपल्या स्थानाचा जणू पत्ता मिळतो आणि आपल्या जवळच्या वारशाप्रमाणे ती त्या पत्त्याचा अर्थ लावते. मागल्या कडेकडून येणारा तो संदेश म्हणजे 'सॉनिक हेजहॉग' नावाचे प्रथिन, हे १९९३ मध्ये हार्वर्डमध्ये क्लिफ टॅबिन ह्यांच्या प्रयोगशाळेने उघड केले. माणसाच्या हाताची बोटेही त्याच संदेशाने ठरतात. काही घराण्यांत अंगठ्याच्या बाजूस जादा बोट येते ते ह्या संदेशाची व्यवस्था बिघडल्यामुळे.

ह्या विद्येचा एक धागा पुण्यास पोचला आहे. लीला मुल्हेरकर ह्या एडिंबरोस सी. एच. वॉडिंग्टन ह्यांच्या संस्थेत गेल्या. हात-पाय फुटण्याच्याही आधीच्या अवस्थेत, एका भागाच्या सान्निध्याने दुसरा भाग कसा घडतो, ह्यावर त्यांनी कोंबडीच्या गर्भात काम केले; ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० मधील त्यांचा लेख ट्रायपॅन ब्लू ह्या रंगद्रव्याने अंड्याबाहेर वाढविलेल्या गर्भावर काय परिणाम होतो, ह्याविषयी होता. विषय किरकोळ वाटेल. पण पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, थॅलिडोमाइड ह्या औषधाने युरोपात हजारो मुले हातपाय खुंटलेली जन्मली, हे जगाला कळले. बाहेरचे द्रव्य गर्भाला कसे बाधते, हा प्रश्न किती गंभीर आहे हे तेव्हा सर्वांना उमगले. पुणे विद्यापीठात मुल्हेरकरबाईंनी कोंबडीच्या गर्भावरील अभ्यासाची परंपरा रुजविली. त्यांचे विद्यार्थी सुरेन्द्र घासकडबी ह्यांनी ती आघारकर संशोधन संस्थेत पुढे चालविली. काचेची वाटी, काचेचे कडे, बाजारातील अंडे आणि स्थिर हात. आरंभाला एवढे भांडवल पुरले, हे त्या परंपरेचे विशेष.

तेव्हा गर्भ नव्या रायपुरासारखा आखलेला नाही आणि जुन्या रायपुरासारखा केवळ गरजेने वाढलेलाही नाही. वारसा बरोबर येतो, स्थान बाहेरून मिळते आणि दोहोंच्या हिशेबाने आकार ठरतो. धन्वंतरी आणि मार्कण्डेय ह्यांपैकी कोणाचीच पूर्ण सरशी झाली नाही.

आपल्यासारख्या, मुलुख सोडून नोकरीच्या गावी वाढणाऱ्या मंडळींना सॉन्डर्सचा तो मांडीचा तुकडा परका वाटू नये. आपली मुले घरी मराठी बोलतात, अंगणात छत्तीसगढी ऐकतात, शाळेत हिंदी लिहितात, आणि ती पुढे कोण होणार ही चिंता घरोघर आहे. माणूस म्हणजे पेशी नव्हे, आणि उपमेला पुरावा समजू नये. तरीही एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे की, उचलून दुसरीकडे लावलेल्या त्या तुकड्याने आपले मूळ सोडले नाही, नवी जागाही नाकारली नाही, आणि जे घडले ते कुरूप नव्हते. ती नीट, नखांसकट, पायाची बोटेच होती.