रायडिंग मोवर : हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हमधील बिघाड

चालकाने बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रात (रायडिंग मोवर) इंजिनाची शक्ती तेलामार्फत मागच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेतील दोष व ते शोधण्याची रीत. अमेरिका व कॅनडात घराभोवतीची मोठी हिरवळ राखण्यासाठी ही यंत्रे सर्रास वापरतात. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हमुळे गिअर न बदलता एकाच पेडलने किंवा दांड्याने वेग व दिशा बदलता येते. याच तत्त्वावरील मोठ्या यंत्रणा ऊसतोडणी यंत्रांत आणि रस्त्याच्या रोलरमध्येही असतात.

रचना : इंजिनाच्या पुलीवरून व्ही-बेल्ट ट्रान्सॲक्सलच्या (पंप, मोटर, गिअर व ॲक्सल एकत्र असलेल्या संचाच्या) पुलीला फिरवतो. आतल्या पंपाच्या पिस्टनांचा फेरा स्वॉशप्लेट या कलत्या तबकडीवर ठरतो. कल वाढला की जास्त तेल मोटरकडे जाते व वेग वाढतो; कल शून्य असता यंत्र थांबते, उलट असता मागे जाते. मोटरची गती गिअरमार्फत ॲक्सलला मिळते. टफ टॉर्क (मॉरिसटाउन, टेनेसी) व हायड्रो-गिअर (सुलिव्हन, इलिनॉय) हे या ट्रान्सॲक्सलचे प्रमुख अमेरिकी उत्पादक होत.

यंत्र न हलणे : प्रथम फ्री-व्हील लिव्हर पाहावा. बंद यंत्र हाताने ढकलता यावे म्हणून तो असतो. तो मोकळ्या स्थितीत राहिल्यास तेल मोटर न फिरवताच पंपाकडे परतते. त्यानंतर बेल्ट निसटला आहे का, झिजून गुळगुळीत झाला आहे का, त्याला ताण देणारी स्प्रिंग तुटली आहे का, हे तपासावे. ॲक्सल फिरतो पण चाक फिरत नाही, असे दिसल्यास त्या दोहोंमधील चावी तुटलेली किंवा पडलेली असते.

तापल्यावर ताकद कमी होणे : थंड असताना नीट चालणारे यंत्र काही वेळाने चढावर रखडू लागते. तेल तापून पातळ होते आणि पंप-मोटरच्या झिजलेल्या पृष्ठभागांमधून आतल्या आत गळते, म्हणून चाकांपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. मात्र ट्रान्सॲक्सलवरच्या पंख्याची पाती तुटली असतील, थंडाव्यासाठीच्या फिन्समध्ये वाळके गवत बसले असेल किंवा तेल कमी असेल, तरी हेच लक्षण दिसते. बेल्ट घसरत असेल तर ट्रान्सॲक्सलची पुली मंदावते व जळक्या रबराचा वास येतो. पुली पूर्ण वेगाने फिरत असूनही चाके रखडली, तर दोष आत आहे.

इतर लक्षणे : न्यूट्रलमध्ये यंत्र सरकत असेल तर पेडलपासून पंपापर्यंतच्या जोडदांड्यांचे सेटिंग करावे लागते. झीरो-टर्न (जागच्या जागी वळणाऱ्या) यंत्रांत दोन्ही चाकांना स्वतंत्र पंप व मोटर असतात. एक बाजू कमजोर झाली की यंत्र त्या बाजूला ओढते. घरघर, धक्के व तेल बदलल्यानंतरची मंदगती ही बहुधा तेलात हवा शिरल्याची खूण होय.

हवा काढणे : पुढची चाके अडवून मागची चाके जमिनीवरून उचलतात व यंत्र भक्कम स्टँडवर टेकवतात. फ्री-व्हील लिव्हर मोकळा करून इंजिन मंद चालवतात आणि पेडल पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे करतात. मग इंजिन थांबवून लिव्हर जागेवर लावतात व तीच कृती पुन्हा करतात. तेल निर्मात्याने सांगितलेलेच हवे. हायड्रो-गिअरच्या अनेक मॉडेलांत २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालते.

सुरक्षा : बेल्टला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढावी. पुलीचे निरीक्षण दुरूनच व पाते बंद ठेवून करावे.

घरगुती यंत्रांतील अनेक ट्रान्सॲक्सल सीलबंद असतात. काहींना तेल काढण्याचा बोल्टही नसतो, त्यामुळे आतली झीज झाल्यावर बहुधा पूर्ण संचच बदलतात. हा खर्च मोठा असल्याने त्याआधी लिव्हर, बेल्ट, चावी, पंखा व तेल या क्रमाने तपासणी पूर्ण करावी.