विजेचे मीटर आणि देहाचा हिशेब

दिवाळीच्या अंकात अंधाराची बाजू घेऊन लिहिणे म्हणजे लग्नघरी वैराग्यावर कीर्तन लावण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हा विषय मी घेतो. दिव्याचा आणि आमच्या मावळाचा संबंध फार जवळचा आहे, आणि त्या संबंधातला एक हिशेब पुष्कळ वर्षे मांडायचाच राहून गेला होता.

आपण कार्ल्याला जातो ते बहुधा एकवीरा आईच्या दर्शनाला. देवळाला लागूनच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे. त्याचे तोंड पश्चिमेला. दिवस कलला म्हणजे दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या कमानीतून उजेड आत उतरतो आणि खांबांच्या दोन रांगांमधून स्तूपाकडे सरकतो. सूर्य बुडाला की काळोख! इथे राहणाऱ्या भिक्षूंना मध्यान्हानंतर जेवण वर्ज्य होते. त्यांचा दिवस सूर्याने आखलेला होता. दिवे त्यांच्याकडेही असत, पण ते तेलाचे. मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो, त्याला शास्त्रज्ञ सुमारे १ लक्स म्हणतात. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास, तर भर दुपारचे ऊन १,००,००० लक्सपर्यंत जाते. माणसाचा देह हजारो वर्षे या दोन टोकांत वाढला. दिवसा लाख, रात्री एखादा.

हा बेत प्रथम बिघडला तो गिरणीत. मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या तेजीत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. पूर्वी अंधार पडला की काम आपोआप थांबे. आता अंधाराची ती सुट्टीच गेली. ओरड झाली, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. रात्रीच्या दिव्याने देहावर काय ओढवते, याचे हे पहिले मोजमाप म्हणायचे. मात्र त्याचे एकक होते घड्याळाचा तास.

योगायोग पाहा. त्याच १९११ साली लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तळी बांधून पावसाचे पाणी अडवले, ते नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले, आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईला पोहोचली. तिच्यावर गिरण्यांची यंत्रे फिरू लागली. वीज मीटरवर मोजून विकली जाई. तिचा एकही युनिट हिशेबाबाहेर राहिला नाही. अशाच धरणांपायी जमिनीची किंमत काय पडते, ते १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाने साऱ्या देशाला ऐकवले. पण झोपेची किंमत कोणी लिहावी?

आमच्या घरातले एक चुलते मुंबईत गिरणीत रात्रपाळीला होते. सकाळी खोलीवर येऊन ते पडत, पण डोळ्याला डोळा लागत नसे. घरचे म्हणत, “होईल सवय.” चुलत्यांनी नोकरी पुरी केली, सवय काही झाली नाही. त्यांच्या या तक्रारीला पुरावा नव्हता, कारण मोजायचे काय हेच कोणाला माहीत नव्हते.

वास्तविक, देह यंत्रांनी मोजता येतो हा विश्वास लोणावळ्यात जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापले, ते योगक्रियांनी शरीरात काय घडते हे प्रयोगांनी तपासण्यासाठीच. मात्र रात्रीच्या दिव्याची खूण रक्तात सापडायची होती. १९५८ साली अमेरिकेत आरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे द्रव्य वेगळे काढले. आपल्या देहात ते रात्री स्रवते; रात्र झाल्याची ती जणू दवंडीच. पुढे १९८० साली आल्फ्रेड लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना मध्यरात्रीनंतर २,५०० लक्सच्या उजेडात बसवून त्यांचे रक्त तपासले. मेलॅटोनिन जवळजवळ दिवसाच्या पातळीवर उतरले होते! खोपोलीची वीज सुरू होऊन तेव्हा ६५ वर्षे झाली होती.

त्यानंतर हिशेब बारीक होत गेला. २००२ साली डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी सापडल्या, की ज्या प्रकाशाची बातमी थेट मेंदूतल्या घड्याळाला देतात. निळसर उजेड त्यांना सर्वांत लवकर जाणवतो. २०११ साली ११६ माणसांवरच्या प्रयोगात दिसले, की झोपेपूर्वी २०० लक्सहून कमी असा साधा खोलीतला उजेडही, मिणमिणत्या उजेडाच्या तुलनेत, मेलॅटोनिनचा काळ सुमारे ९० मिनिटांनी तोडतो. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने देहाचे घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. पण तो शब्द उच्चारायलाही मोजमाप लागले. आणि चुलत्यांचे काय? बहुतेक रात्रपाळीवाल्यांचे घड्याळ पुरते उलटतच नाही, हे आता कळले आहे. पहाटे घरी परतताना ऊन डोळ्यांवर पडते आणि ते घड्याळ पुन्हा दिवसाला जुळते. तेव्हा दोष चुलत्यांचा नव्हता.

वाचकहो, म्हणून दिवाळीत दिवे लावू नयेत काय? छे! २०२२ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एक मेज मांडले: दिवसा डोळ्यांशी निदान २५० लक्स, झोपेच्या आधीचे तीन तास फार तर १०, आणि झोपेत १ हून जास्त नको. ही मोजणी निळसर उजेडाला अधिक वजन देणारी आहे. अंगणातली पणती पिवळी, आणि मीटरभरावर जेमतेम लक्सभराची. तिला या हिशेबात पूर्ण माफी आहे. माफी नाही ती रात्रभर डोळ्यांसमोर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्याला.

आजही महामार्गावर ट्रक हाकणारे, इस्पितळांत जागणाऱ्या परिचारिका, दाराशी बसलेले राखणदार आपल्यासाठी रात्री उजेडात बसतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या घरी सकाळी आठला झोपले असेल, तर खिडकीला जाड पडदा लावावा, आणि फटाके दुसरीकडे नेऊन उडवावेत. “होईल सवय” एवढे मात्र म्हणू नये.