मूत्रपिंडाची चढण आणि ‘दोष’ हा शब्द

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर कल्याणचे एक गृहस्थ थांबून राहिले होते. सुनेचा पाचव्या महिन्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात. बाळाचं डावं मूत्रपिंड कमरेच्या जागी नाही, खाली ओटीपोटात आहे. उजवं ठीक होतं, डॉक्टरांनी धीरही दिला होता. पण घरात वेगळाच खल चालला होता: ग्रहणात हिने विळीला हात लावला होता का? ते आम्हांला म्हणाले, “सर, हा दोष कुणाचा?” आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, औषधपाण्याचं आम्हांला विचारू नये. पण प्रश्न औषधाचा नव्हताच. मराठीत ‘दोष’ म्हणजे वस्तूतली खोट आणि माणसावरचा ठपकाही. या दोहोंची गाठ सोडवायची तर थोडं मागे जावं लागतं.

गर्भाचा कोणता अवयव आधी होतो, यावर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात झकास वाद आहे. शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी. धन्वंतरींचा निर्णय असा की सगळे अवयव एकदमच होतात, फक्त सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत. दाखला आंब्याचा. पिकल्यावर गर, कोय, केसर वेगळे दिसतात. कोवळ्या फळात तेच असतात, पण ओळखू येत नाहीत. सांख्यांच्या सत्कार्यवादाजवळचं हे मत. नैयायिक म्हणणार, छे, मातीत घट नव्हताच, तो नवा घडला.

अठराव्या शतकात युरोपात हाच वाद पेटला. हालर यांच्यासारखे मातब्बर ‘सगळं आधीच रचलेलं असतं’ या बाजूचे. १७५९ साली कास्पार फ्रिडरिश वोल्फ या पंचविशीतल्या तरुणाने प्रबंध लिहिला आणि कोंबडीच्या गर्भाच्या आधारे सांगितलं की अवयव टप्प्याटप्प्याने नवे घडतात.

आणि मूत्रपिंडासारखा साक्षीदार वोल्फला दुसरा मिळाला नसता. माणसाच्या गर्भात ते एकदा नव्हे, तीनदा होतं! पहिलं चौथ्या आठवड्यात येतं आणि विरून जातं. दुसरं काही आठवडे कामही करतं. त्याला आजही वोल्फचंच नाव आहे. त्याच्या नळीला पाचव्या आठवड्यात एक अंकुर फुटतो, तो शेजारच्या पेशींच्या गोळ्यात शिरतो, आणि दोघे एकमेकांना घडवतात. अंकुर गोळ्याला जागं करतो, गोळा अंकुराला फांद्या फोडायला लावतो. हे तिसरं मूत्रपिंड, आपलं कायमचं. अंकुर फुटलाच नाही तर त्या बाजूला मूत्रपिंड होतच नाही.

ते तयार होतं ओटीपोटात आणि नवव्या आठवड्याच्या सुमारास कमरेपर्यंत चढतं. ही चढण कधी अर्ध्यावर राहते, आपली लोकल दिव्याच्या फाटकाशी अडकून राहते तशी. त्या कल्याणच्या बाळाचं हेच झालं होतं. कधी दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकाला जुळतात आणि चढताना आतड्याकडे जाणाऱ्या एका रोहिणीखाली अडतात. ही घोड्याच्या नालेसारखी जोडी इटलीत बेरेंगारिओ दा कार्पी याने १५२२ मध्येच नोंदवली. साधारण पाचशे माणसांत एकाला ती असते.

सगळंच इतकं निरुपद्रवी नसतं, हेही सांगायला हवं. नालाकृती मूत्रपिंडात खडे आणि जंतुसंसर्ग जास्त होतात. आणि दोन्ही मूत्रपिंडं नसतील तर बाळ जगत नाही. एडिथ पॉटर या शिकागोच्या विदुषीने १९४६ मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. गर्भाभोवतीचं पाणी पुढे बरंचसं गर्भाच्याच लघवीचं असतं; ते नसेल तर फुप्फुसं वाढत नाहीत. तिथे आईबापांचं सांत्वन करायला तत्त्वज्ञान अपुरं पडतं.

पण हे सगळं कळलं कसं? ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ हे पाठ्यपुस्तक १८५८ मध्ये निघालं. त्यातली चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला आले. पुढे १८७३ मध्ये त्यांचं मूतखड्यांवरचं पुस्तकही निघालं. शिकवण्यासाठी चित्र एकच लागतं, देहं मात्र अनेक असतात. विद्यार्थी चित्रातलं मूत्रपिंड डोळ्यांत घेऊन मेजाशी उभा राहतो आणि पोट उघडल्यावर ते भलतीकडेच सापडतं. तोपर्यंत त्या माणसाने संसार केलेला असतो, नातवंडं पाहिलेली असतात. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

पूर्वी ही मेजं बहुतांशी बेवारस देहांवर चालत. आता आपल्या डोंबिवलीत दधिची देहदान मंडळ आहे आणि कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. आम्ही दोघांनीही फॉर्म भरला आहे. सौ. म्हणतात, तुमच्या आत काहीतरी जागचं हललेलं सापडणार, आम्हांला खात्रीच आहे!

त्या गृहस्थांना आम्ही एवढंच सांगितलं, की ही चढण पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. कधी जनुकांत काही सापडतं, बहुतेकदा काहीच नाही. विळी तर कुठेच नाही. ते म्हणाले, “हे घरी येऊन सांगाल का? माझं कोण ऐकतंय.” येत्या रविवारी आम्ही कल्याणला जातो आहोत.