हुकमाने वसलेली गावे

सरकारने जमीन ताब्यात घ्यावी, शेती सामुदायिक व्हावी, हे आपण भूमिहीन लोक फार वर्षे म्हणत आलो आहोत. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तेच मांडले. म्हणूनच टांझानियाचा अनुभव आपल्याला टाळता येणार नाही, असे मला वाटते. भांडवलशाहीचे भाट तो समाजवादाच्या तोंडावर फेकतात. आपले काही मित्र त्याचे नावच काढीत नाहीत.

ज्युलिअस न्येरेरे हा ढोंगी पुढारी नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने पुढाऱ्यांवर बंधने घातली : कंपन्यांचे भाग घ्यायचे नाहीत, घरे भाड्याने द्यायची नाहीत, दोन पगार घ्यायचे नाहीत. (आपल्या साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना ही अट घालून पाहावी!) शाळा वाढल्या, साक्षरता वाढली. ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र राहावे, एकत्र कसावे, ही कल्पना.

आणि ती प्रत्यक्षात आलीही होती. दक्षिणेकडील रुवुमा भागात लिटोवासारख्या गावांतील लोकांनी स्वतःहून सामुदायिक शेती उभारली, निर्णय स्वतःच्या सभेत घेतले. प्रारंभी न्येरेरेंनीच त्यांना उचलून धरले. पण १९६५ पासून देशात एकच पक्ष कायदेशीर होता, आणि आपल्या परवानगीवाचून चालणारा समाजवाद त्या पक्षातील वरच्या मंडळींना रुचेना. १९६९ साली रुवुमाची संस्था पक्षाने बरखास्त केली. माझ्या मते टांझानियाच्या समाजवादाचा पराभव त्या वर्षी झाला. पुढचे सारे त्याचे परिणाम होत.

नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरेंनी जाहीर केले की १९७६ अखेर प्रत्येकाने गावात राहावयास गेलेच पाहिजे. सुमारे पन्नास लाख माणसे हलविली गेली. जी गेली नाहीत, त्यांची घरे कित्येक ठिकाणी पाडली, जाळली गेली. अंमलदाराची कर्तबगारी वसविलेल्या गावांच्या आकड्यावर ठरू लागली, तेव्हा मोटार जाईल अशा रस्त्यालगत ओळीने घरे बांधणे त्याला सोयीचे झाले. तिथली माती कशी, पाणी किती, शेत किती मैल दूर, हे कोण विचारतो? दक्षिणेत माणसे उचलली, पण काजूची झाडे जुन्या जागीच राहिली. त्यांच्याभोवती रान माजले आणि १९७३-७४ नंतर काजूचे पीक घसरत गेले. केरळात कोल्लमच्या कारखान्यांत बायका जे काजू फोडीत, त्यातला मोठा वाटा पूर्व आफ्रिकेतून येई. हुकूम दार-एस-सलामला निघाला, रोजगार इथल्या बायकांचाही गेला.

१९७४-७५ मध्ये धान्य बाहेरून आणावे लागले. दुष्काळ होता, तेलाच्या किमती भडकल्या होत्या, हे खरेच. पण १९७६ साली सहकारी संघही मोडून सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्यांच्या डोक्यावर बसविली गेली, ती काही दुष्काळाने नव्हे. १९८२ साली संघांना पुन्हा परवानगी द्यावी लागली.

बाबासाहेबांचा राज्य-समाजवाद याहून वेगळा होता. तो घटनेत लिहिलेला असावा, संसदीय लोकशाहीत चालावा, हुकूमशाहीचा त्याला स्पर्श नसावा, हा त्यांचा आग्रह. गावकुसाचा अनुभव असल्यामुळे ‘गाव’ या शब्दाची त्यांना भुरळ नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी ग्रामराज्याच्या भक्तांना हे स्पष्ट ऐकविले. १९४७ च्या निवेदनात अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी होती. तीही स्थलांतराचीच, पण जाणाऱ्यांनी केलेली!

तरीही त्याच निवेदनात सामुदायिक शेती सरकारच्या नियमांप्रमाणे व आदेशांप्रमाणे कसली जावी, असे एक कलम आहे. आपण ते भराभर वाचून पुढे जातो. आदेश काढणाऱ्या मामलेदाराला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या शेतावरच्या कुळाला कोठे, कोणत्या सभेत असेल, याचा मसुदा आपल्यापैकी कोणी अजून केलेला मला दिसला नाही.