‘वी लाइक इट हिअर’: ऐकायचा अल्बम की बघायचा?

स्नार्की पपी या अमेरिकी बँडचा ‘वी लाइक इट हिअर’ हा अल्बम फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. सोबत त्याच वादनाची फिल्मही आली आणि तेव्हापासून जॅझ-रॉक फ्यूजन ऐकणाऱ्यांत वाद चालू आहे. फिल्म न बघता अल्बम पूर्ण कळतो का? आणि फिल्म बघितली, तर आपण संगीत ऐकतो की नुसता देखावा बघतो?

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. जॅझमध्ये इलेक्ट्रिक गिटार, की-बोर्ड आणि रॉकचा ठेका मिसळला की जॅझ-रॉक फ्यूजन होते. माईल्स डेव्हिसचा १९७० चा ‘बिचेस ब्रू’ हा त्यातला मैलाचा दगड. त्यात गिटार वाजवणारे जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’मध्ये आले, त्यामुळे हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. स्नार्की पपी हे त्याच घराण्याचे, पण बऱ्याच नंतरचे. बास गिटार वाजवणाऱ्या मायकल लीगने २००४ मध्ये टेक्सासमधल्या डेंटन इथे, विद्यापीठातल्या मित्रांना घेऊन बँड सुरू केला. वादक बदलत राहतात, लीग कायम.

या अल्बमचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात, कायटोपिया नावाच्या जागेत चार रात्री चालले. थिएटर नाही, स्टेज नाही. वादक खोलीभर बसलेले आणि श्रोते त्यांच्या मधेच, हाताच्या अंतरावर. प्रत्येक श्रोत्याच्या कानावर हेडफोन. म्हणजे समोर वादक दिसतोय, पण आवाज येतोय तो स्टुडिओतला, सगळी वाद्ये नीट जुळवलेला.

नाराज श्रोत्यांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. त्यांचे म्हणणे, हे कसले लाइव्ह? हॉलचा घुमारा नाही, गर्दीचा गोंगाट नाही, आणि चार रात्री हाताशी असल्यावर जमलेले तेवढे ठेवता येते. मुद्दा अगदीच खोटा नाही. नुसता आवाज ऐकला तर पुष्कळ ठिकाणी हा स्टुडिओतलाच अल्बम वाटतो. पण मला विचाराल तर लाइव्हपणा घुमाऱ्यात नसतो. समोर माणसे बसलेली असताना वादकाने धोका पत्करला की नाही, हे बघायचे.

धोक्याचेच उदाहरण घ्या. ड्रमर लार्नेल लुईस ऐनवेळी आला. टोरांटोहून येताना विमानात ऐकून ऐकून त्याने रचना पाठ केल्या आणि उतरल्यावर थेट वाजवायलाच बसला. ‘व्हॉट अबाउट मी?’ मधला त्याचा सोलो ऐका आणि मग ही गोष्ट आठवा. नुसत्या अल्बमवरून हे कळणारच नाही. फिल्ममध्ये निदान त्याचे इतरांकडे लागलेले डोळे तरी दिसतात.

सगळ्यांचे एकमत होते ते शेवटच्या ‘लिंगस’वर. दहा मिनिटांहून मोठी रचना, सुरुवात पाच मात्रांच्या चालीवर. झपताल ऐकलेल्या कानाला ती लवकर उलगडते. मधे कोरी हेन्रीचा की-बोर्ड सोलो आहे. तो एक छोटी कल्पना उचलतो, तीच फिरवतो, वाढवतो, आणि आता संपले असे वाटते तिथून पुन्हा वर चढतो. कॅमेरा बाजूच्या वादकांवर जातो. ते हसतात, मान हलवतात, हे काय चाललेय असा चेहरा करतात. टीकाकार म्हणतात, हे चेहरे आपल्याला कुठे दाद द्यायची ते शिकवतात. असेल. बैठकीत शेजारच्याची ‘वाह’ ऐकून आपलीही मान हलतेच की!

याच बँडचा आदल्या वर्षीचा ‘फॅमिली डिनर’ बघितला तर फिल्मची गरज आणखी पटते. त्यात ‘समथिंग’ गाताना लेला हॅथवे एकाच वेळी एकाहून अधिक स्वर काढते. नुसते ऐकणाऱ्याला वाटेल, मागून कुणी साथ देतेय. फिल्ममध्ये ती एकटीच गाताना दिसते आणि वादक चकित होतात. या गाण्याला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळाले.

दुसरी तक्रार मला जास्त वजनदार वाटते. रचना फार आखीव आहेत, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या सुरावटी जाहिरातीच्या धूनसारख्या चटकन तोंडात बसतात, आणि सोलोला मोकळे रान कमी मिळते. ‘लिंगस’ सोडले तर काही प्रमाणात खरे आहे. ‘स्लीपर’सारखी संथ रचना मात्र याला अपवाद.

जाता जाता हिशेबाची गोष्ट. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले की माल फुकट वाटू नये. या बँडने फिल्मची गाणी यूट्यूबवर फुकट टाकली आणि ‘लिंगस’ कोटींच्या घरात बघितले गेले. सुरुवातीची वर्षे व्हॅनमधून तोट्यात फिरलेल्या बँडला जगभर श्रोते मिळाले ते बरेचसे याच वाटेने.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी ‘लिंगस’ची फिल्म आधी बघावी, मग दुसऱ्या दिवशी पूर्ण अल्बम, आठही रचना, डोळे मिटून ऐकाव्यात. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको. लीगचा बास तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही.